ब्रायन मे: स्वतःच्या हातची गिटार, स्वतःचा सूर

तारसप्तक

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की गाडी गायक फ्रेडी मर्क्युरीपाशी जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते. तक्रार नाही, तो माणूसच तसा होता. पण त्याच्या शेजारी डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल घेऊन, मान किंचित खाली घालून गिटार वाजवणाऱ्या त्या उंच माणसाबद्दल मराठीत कुणी मनसोक्त लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून हा धागा. ब्रायन मे आवडणाऱ्या सगळ्यांनी यावं. न आवडणाऱ्यांनीही यावं, फक्त ऐकून यावं.

माझं म्हणणं सरळ आहे. रॉकमध्ये ब्रायनपेक्षा वेगात वाजवणारे ढिगाने सापडतील. पण दोन सूर कानावर पडताच वाजवणाऱ्याचं नाव सांगता यावं, असे किती? ब्रायनचा सूर ओळखू येतो कारण तो दुकानातून आलेलाच नाही. गिटार त्याने घरी बनवली आणि आवाजही तिच्यासोबतच घरी घडला.

गोष्ट बहुतेकांना वरवर माहीत असते, पण तपशिलात जास्त मजा आहे. ब्रायनचा जन्म १९ जुलै १९४७ चा, इंग्लंडमधल्या हॅम्प्टनचा. वडील हॅरल्ड ड्राफ्ट्समन होते आणि इलेक्ट्रॉनिक्सचे हौशी. घरातला रेडिओ, टीव्ही त्यांनी स्वतः जोडलेला. मुलाला फेंडर किंवा गिब्सन हवी होती आणि ती परवडणारी नव्हती. मग १९६३ च्या ऑगस्टमध्ये बापलेकांनी गिटार बनवायला घेतली. मानेसाठी घेतलं एका जुन्या फायरप्लेसचं शंभरेक वर्षं मुरलेलं महोगनी. त्यात किडीने भोकं पाडली होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत एका जुन्या टेबलाचं ओक. फ्रेटबोर्डवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, फ्रेटबोर्डच्या मापाला घासून बसवलेली.

आणि ट्रेमोलो! ही जागा मला सगळ्यात जास्त आवडते. ट्रेमोलोची दांडी ओढली की तारा ढिल्या होतात आणि सोडली की परत जागेवर यायला हव्यात. त्या काळच्या बऱ्याच गिटारींत त्या नेमक्या जागी येत नसत आणि सूर बिघडायचा. म्हणजे शत्रू कोण, तर घर्षण. म्हणून या दोघांनी ट्रेमोलोची पट्टी सुरीच्या कडक पोलादी पात्याच्या धारेवर तोलली, तारांचा ताण पेलायला १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या आणि ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या आधारावर, त्या घासू नयेत म्हणून प्रत्येक तारेखाली हाताने घडवलेला छोटा रोलर बसवला. दांडी आली सायकलच्या सॅडलबॅगच्या होल्डरमधून आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा.

एकूण खर्च सुमारे आठ पौंड. हीच ती ‘रेड स्पेशल’. पुढे लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये वाजली ती हीच आणि आजही स्टेजवर हीच असते. बाजारात तिच्या नकला मिळतात, खास बनवून घेतलेल्या प्रतिकृतीही ब्रायन बरोबर बाळगतो, पण मुख्य वाद्य तेच.

लिहा मंडळी. आवडतं गाणं, एखादा सोलो, काहीही.

शेवटचा_बाक

पहिला!

काड्यांनी भोकं बुजवली हे माहीत नव्हतं. आता कुठलंही जुनं लाकूड टाकवणार नाही, घरचे वैतागतील.

मंजिरी

वा, तारसप्तक! धागा काढल्याबद्दल धन्यवाद, बुकमार्क केला.

रेड स्पेशलबद्दल सगळे लिहितीलच, मी हातातल्या नाण्याबद्दल लिहिते. ब्रायन तारा छेडायला प्लास्टिकचं पिक वापरत नाही, सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतो. प्लास्टिक वाकतं, त्यामुळे तारेवर नक्की काय घडतंय ते बोटांना नीट कळत नाही, असं त्याचं म्हणणं. नाणं वाकत नाही. शिवाय कडेला बारीक दाते असतात. नाणं जरा तिरकं धरलं की दाते तारेवर खरखरतात आणि प्रत्येक सुराच्या सुरुवातीला ‘ख्र’ असा किंचित घशातला आवाज येतो. सपाट धरलं की तोच सूर गुळगुळीत. एकाच सोलोत तो हे दोन्ही करतो. हेडफोन लावून ऐका, ती खरखर एकदा सापडली की मग सगळीकडे ऐकू येते.

ही नाणी १९८० मध्ये चलनातून गेली. पण १९९३ च्या त्याच्या सोलो दौऱ्यासाठी रॉयल मिंटने खास सिक्सपेन्स पाडून दिले होते. पिक म्हणून सरकारी टांकसाळीतून नाणी पाडून घेणारा दुसरा गिटारवाला दाखवा!

आगाऊ_कार्टं

आणि २०२० मध्ये त्याच मिंटने क्वीनवर पाच पौंडांचं नाणं काढलं. त्यावर चौघांची वाद्यं आहेत, म्हणजे रेड स्पेशलही आली. नाण्याने गिटार वाजवली, आता गिटार नाण्यावर.

रेडिओवाला

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने थोडं लांबलचक लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

तारसप्तक यांनी लाकूडकाम सांगितलं, पण आवाजाचं अर्धं गुपित वायरिंगमध्ये आहे. रेड स्पेशलवर तीन पिकअप आहेत, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या लहरीत बदलणारी तीन गुंडाळ्यांची चुंबकं. ब्रायनने सुरुवातीला तेही घरीच गुंडाळले होते, पण तार ताणून सूर चढवताना ते त्रास द्यायला लागले. मग बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक आणले आणि शिट्टी मारू नयेत म्हणून आत अ‍ॅराल्डाइट ओतलं. साधारणपणे गिटारला एकच निवडकळ असते: हा पिकअप, नाहीतर तो, नाहीतर दोन्ही. इथे प्रत्येक पिकअपला दोन बटणं. एक चालू-बंद, दुसरं फेज, म्हणजे लहरीचा चढ-उतार, उलट करणारं. आणि तिन्ही एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले.

याने काय होतं? तार कंपते तेव्हा मूळ सुराबरोबर त्याचे वरचे हार्मोनिक्सही कंपत असतात. दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागांवरून ऐकतात. मूळ सूर दोघांना जवळपास सारखाच दिसतो, वरचे हार्मोनिक्स मात्र वेगवेगळे दिसतात. आता एकाची फेज उलट करा. जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणजे खालचा भरणा जातो आणि वरची धार उरते. म्हणून कधी त्याची गिटार अंगावर येते, तर कधी नाकात गायल्यासारखी चिरकते. त्याचा नेहमीचा आवाज मधला आणि ब्रिजकडचा पिकअप एकत्र, दोघे एकाच फेजमध्ये. पण त्याखेरीज इतके पर्याय हाताशी आहेत की एकाच गिटारीतून दहा वादक उभे करता येतात. आणि त्याने केले!

दुसरी गोष्ट अ‍ॅम्पची. विद्यार्थिदशेत ब्रायनने आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरला त्याच्या टेस्ट या बँडच्या कार्यक्रमानंतर गाठून विचारलं, हा आवाज कसा काढता? गॅलाघरने काहीही हातचं न राखता सांगितलं: व्हॉक्स एसी३० हा अ‍ॅम्प आणि वरचे सूर उठवणारा ट्रेबल बूस्टर. ब्रायन आजतागायत तेच वापरतो. अ‍ॅम्प पूर्ण उघडा ठेवायचा आणि गिटारवरच्या आवाजाच्या खुंटीने सगळा कारभार करायचा. खुंटी थोडी मागे घेतली की सूर स्वच्छ, पुढे नेली की गरजणारा.

तिसरी गोष्ट माझी लाडकी: डीकी अ‍ॅम्प. क्वीनचा बेसवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७२ च्या सुमारास त्याला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या स्किपमध्ये एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो शेल्फवर ठेवायच्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. ना आवाजाची खुंटी, ना टोनची. बऱ्याच वर्षांनी कळलं की तो एका स्वस्त पोर्टेबल रेडिओचा भाग होता. ब्रायनने त्यात रेड स्पेशल जोडली आणि जे निघालं त्यातून क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, व्हायोलिनचे थवे उभे केले. ‘गुड कंपनी’ या १९७५ च्या गाण्याच्या शेवटाकडे अख्खा जुन्या धाटणीचा जॅझ बँड वाजतो ना? तो बँड नाहीच. सगळी गिटार आहे, एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करून रचलेली.

शेवटचा_बाक

रेडिओवाला, दंडवत. फेज पहिल्यांदा कळली. शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मागच्या बाकावर बसलो नसतो.

तारसप्तक

+१. त्यात एक भर घालतो. क्वीनच्या पहिल्या अल्बमवर, १९७३ च्या, मुद्दाम छापलं होतं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. लोकांना खरं वाटत नसे. वाटणार तरी कसं!

धूमकेतू

मी गिटारवाला नाही, आकाशवाला आहे. माझ्या लेखी ब्रायन मे हा आधी खगोलशास्त्रज्ञ आणि मग उरलेल्या वेळात रॉकस्टार. (फटके मान्य.)

सूर्यास्तानंतर, आकाश अगदी काळं असेल तर, पश्चिमेला क्षितिजापासून वर चढत गेलेला फिकट उजेडाचा शंकू दिसतो. याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. ग्रहांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून सूर्यप्रकाश विखुरतो आणि तो उजेड आपल्याकडे येतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १९७० साली ब्रायनने पीएचडीला हाच विषय घेतला: ही धूळ कुठल्या दिशेला, किती वेगाने जाते आहे? पद्धत अशी की सूर्याच्या वर्णपटातली मॅग्नेशियमची एक रेषा पकडायची. धूळ आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. सरकणं इतकं सूक्ष्म की मोजायला फॅब्री-पेरो उपकरण लागतं. निरीक्षणं टेनेरीफ बेटावरच्या डोंगरावरून केली. त्याच्या गटाचा शोधनिबंध १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि लेखकांत याचं नाव आहे.

मग क्वीनने वेग घेतला आणि १९७४ मध्ये प्रबंध अर्धवट राहिला.

पुढचं मला फार आवडतं. तीसेक वर्षं गेली. जगभर स्टेडियमं भरवून झाली. साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस जुन्या वह्या काढून पुन्हा इम्पीरियलला गेला. मायकेल रोवन-रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मधल्या काळातलं सगळं संशोधन वाचून काढलं आणि २००७ मध्ये पीएचडी पूर्ण केली. त्याच्या नशिबाने मधल्या काळात या विषयाकडे फारसं कुणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे जुनी निरीक्षणं बाद झाली नव्हती. मानद डॉक्टरेट मागितली असती तर कुठल्याही विद्यापीठाने घरी आणून दिली असती. त्याला ती नको होती, रीतसर हवी होती.

ओवी

धूमकेतू, इथे त्याच्या वडिलांची गोष्ट जोडायलाच हवी. मुलाने पीएचडी सोडून बँड धरला हे हॅरल्डना अजिबात रुचलं नव्हतं. ज्या माणसाने मुलाबरोबर गिटार घडवली त्यालाच ती गिटार मुलाचं करिअर खाईल असं वाटत होतं! बरेच दिवस दोघांत धड बोलणं नव्हतं. हॅरल्डनी कॉंकॉर्डच्या प्रकल्पावर काम केलं होतं, पण त्या विमानात ते कधी बसले नव्हते. पुढे ब्रायनने आईवडिलांना कॉंकॉर्डने न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा कार्यक्रम दाखवायला. कार्यक्रमानंतर वडील एवढंच म्हणाले की आता कळलं. ब्रायन मुलाखतीत हे सांगताना त्याचा आवाज बदलतो.

मंजिरी

ओवी, रडवलंस.

आगाऊ_कार्टं

फिजिक्सचा विषय निघालाच आहे तर ब्रायनने लिहिलेलं गाणं ‘’३९’. ऐकताना वाटतं की कोळी किंवा खलाशी गातायत असं साधं लोकगीत आहे. पण जातायत ते अंतराळयानातून. वर्षभरानं परत येतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली. आइनस्टाइनचा काळविस्तार, गिटारच्या साध्या ठेक्यावर. मुख्य आवाजही ब्रायनचाच आहे, फ्रेडीचा नाही. आणि डीकनने त्यात डबल बेस वाजवलाय, जो ब्रायनने त्याला निव्वळ गमतीत सुचवला होता. पठ्ठ्याने मनावर घेतलं.

धूमकेतू

हिशेब करून टाकतो. यानात एक वर्ष आणि पृथ्वीवर शंभर, यासाठी प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९५ टक्के वेग लागेल. विज्ञानकथा म्हणून सोडून द्यायचं गाणं नाही ते. ज्याला परत आल्यावर ओळखीचं कुणीच उरलेलं नाही अशा माणसाचं दुःख आहे. सापेक्षतावाद शिकवणाऱ्यांनी ते वर्गात वाजवावं, पोरं विसरणार नाहीत.

रेडिओवाला

‘वी विल रॉक यू’ पण फिजिक्सच! त्यात ड्रम नाहीत हे कितीजणांच्या लक्षात आलंय? वेसेक्स स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च. तिथे चार-सहा माणसांनी फळ्यांवर पाय आपटले आणि टाळ्या वाजवल्या. ते पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून एकावर एक चढवलं. आता नुसता प्रतिध्वनी जोडला असता तर मोठ्या खोलीत वाजवल्यासारखं वाटलं असतं. ब्रायनला खोली नको होती, गर्दी हवी होती. म्हणून प्रत्येक थराला वेगळा विलंब दिला, आणि हे विलंब मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे ते एकमेकांवर बसून ओळखू येणारा प्रतिध्वनी तयार करत नाहीत. कानाला वाटतं, हजारो माणसं जवळ-लांब उभी राहून पाय आपटतायत.

ओवी

गाण्याची कल्पना आली तीही गर्दीतूनच. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला आणि लोक घरी जायच्याऐवजी बँडसाठी गायला लागले. ब्रायनने विचार केला, दाटीवाटीत उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. एवढ्यावर गाणं. गिटार थेट शेवटी येते. गिटारवाल्याने लिहिलेल्या गाण्यात गिटारने इतका वेळ बाहेर थांबायचं, याला मी मोठेपणा म्हणते.

शेवटचा_बाक

राजवाड्याचं छप्पर राहिलं! जून २००२, राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम. आयोजकांच्या मनात राष्ट्रगीताने सुरुवात करायचं होतं आणि ब्रायनने सुचवलं की वाजवायचंच तर बकिंगहॅम पॅलेसच्या छतावरून वाजवतो. मग काय, एकटा उभा, वारा केसांत, खाली अफाट गर्दी. एक चुकीचा सूर लागला असता तर जगभर ऐकू गेला असता. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. हेंड्रिक्सने ते फाडून काढलं, याने मात्र अदबीने वाजवलं. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

विसंवादी

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून जरा विरजण घालतो. ब्रायन मे मलाही आवडतो, पण २०११-१२ पासून गायक अ‍ॅडम लॅम्बर्टला घेऊन ‘क्वीन’ नावाने चाललेला प्रकार मला पटत नाही. त्याआधी गायक पॉल रॉजर्सबरोबर झालं, तेही नाही पटलं. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. डीकन १९९७ नंतर बाजूला झाला तो झालाच. चारपैकी दोन उरले, ब्रायन आणि ड्रमर रॉजर टेलर. नवीन नाव घ्या, नवीन गाणी करा, कोण अडवतंय? जुन्या नावावर तिकिटं विकणं आणि पडद्यावर फ्रेडी दाखवून डोळे ओले करणं, हे त्या माणसाच्या बाकीच्या सचोटीशी जुळत नाही.

मंजिरी

विसंवादी, नाव शोभतं तुम्हाला. :)

पण मुद्दा टाकाऊ नाही. मी उलट बाजूने बघते. गाणी फक्त फ्रेडीची होती का? ‘वी विल रॉक यू’ ब्रायनचं, ‘हॅमर टू फॉल’ ब्रायनचं, ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर’ ब्रायनचं. स्वतःची गाणी वाजवायला त्याने परवानगी कुणाची घ्यायची? आणि लॅम्बर्ट फ्रेडीची नक्कल करत नाही. स्टेजवर तो स्वतःच सांगतो की फ्रेडी एकच. मला तेवढं पुरतं.

विसंवादी

गाणी वाजवायला ना नाही, मंजिरीताई. नावाला ना आहे.

तारसप्तक

मी मधेच उभा आहे. बँडचं नाव ठेवल्याने जितके लोक येतात तितके ‘ब्रायन आणि रॉजर’ लिहिल्याने येणार नाहीत, हे व्यवहाराचं झालं, त्याला कलेचं रूप देऊ नये. पण ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ घ्या. गाणं फ्रेडीचं. ब्रायन एकटा बारा तारांची अकूस्टिक घेऊन स्टुलावर बसतो आणि लोकांना गायला लावतो. ही प्रथा लॅम्बर्टच्या काळातली नाही. सत्तरीच्या दशकातही फ्रेडी आणि तो दोघंच पुढे बसून हेच करायचे आणि फ्रेडी गाणं लोकांवर सोडून द्यायचा. ब्राझीलमधलं १९८५ चं रॉक इन रिओ बघा, पोर्तुगीज बोलणारा अफाट जमाव इंग्रजी शब्द बिनचूक गातोय. आता त्यातला एक नाही म्हणून दुसऱ्याने ते थांबवावं असं मला वाटत नाही. पडद्यावरच्या फ्रेडीबद्दल मात्र विसंवादींशी सहमत, तेवढं नसतं तरी चाललं असतं.

पाटी_पेन्सिल

अवांतर: फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे कुणीच कसं लिहिलं नाही?

तारसप्तक

कारण धागा ब्रायनचा आहे! फ्रेडीवर तुम्ही काढा धागा, पहिला प्रतिसाद माझा.

तरी फ्रेडी आणि ब्रायनच्या जोडीबद्दल एक सांगतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला तो डोकं हलवायला लावणारा जोरकस भाग ब्रायनने रचलेला नाही, फ्रेडीने पियानोवर रचलाय. पियानोवर बोटांना सोपा, गिटारवर अवघड. ब्रायन अजूनही सांगतो की तो हाताला सहज येत नाही. उलट त्याआधीचा सोलो ब्रायनचा. त्याने गाण्याची चाल गिटारवर परत वाजवली नाही, नवीन चाल बांधली. शेवटच्या ओळीत सूर भराभर खाली उतरतात आणि थेट पियानोच्या ‘ऑपेरा’त जाऊन पडतात. गुणगुणता येतो तो सोलो, शब्दांशिवाय. माझ्या मते चांगल्या सोलोची कसोटी तीच.

ओवी

‘द शो मस्ट गो ऑन’ विसरू नका. गाण्याचा बराचसा भाग ब्रायनने बांधला, फ्रेडी तेव्हा फार आजारी होता. वरच्या पट्टीतली नमुन्याची चाल ब्रायनने स्वतः खोट्या आवाजात गाऊन ठेवली होती आणि त्याला शंका होती की फ्रेडीला हे झेपेल का. फ्रेडीने व्होडकाचा घोट मारला आणि गाऊन टाकलं. यापुढे मी काही लिहीत नाही, ऐका.

धूमकेतू

आकाशाकडे परत येतो, राहवत नाही. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं तेव्हा ब्रायन मोहिमेच्या मंडळींत होता, प्लूटोची स्टिरिओ छायाचित्रं त्याने जुळवली. मग १ जानेवारी २०१९ ला त्याच यानाने पुढचा लांबचा दगड गाठला, त्या दिवसासाठी गाणं केलं. आणि बेन्नू! ओसायरिस-रेक्स यानाला या लघुग्रहावरून नमुना उचलायचा होता, पण जवळ गेल्यावर दिसले सगळीकडे खडकच खडक. सपाट फोटोत चढ-उतार कळत नाहीत. ब्रायन आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या कोनांतले फोटो जोडून स्टिरिओ जोड्या बनवल्या. त्या बघितल्या की कुठे उतरणं जमेल ते डोळ्यांना कळतं. नमुना सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आला आणि त्याच वर्षी मोहीमप्रमुख दान्ते लॉरेटा यांच्यासह त्याने बेन्नूचा त्रिमिती अ‍ॅटलास काढला.

हा स्टिरिओ फोटोंचा नाद त्याला लहानपणी सीरियलच्या खोक्यातल्या कार्डांमुळे लागला. व्हिक्टोरियन काळची लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी त्याने पुन्हा सुरू केली आणि बघायचं दुर्बीणवजा यंत्रही स्वतःच तयार केलं. बाजारात हवं तसं मिळत नाही, मग घरीच करू. ओळखीचा स्वभाव दिसतोय ना?

५२६६५ क्रमांकाच्या लघुग्रहाला ब्रायनमे असं नाव आहे, हे जाता जाता.

विसंवादी

बॅजरबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. इंग्लंडमध्ये गुरांच्या क्षयावर उपाय म्हणून २०१३ पासून बॅजर हे बिळात राहणारे प्राणी मारायला सुरुवात झाली. ब्रायन त्याविरुद्ध उभा राहिला, मोर्चे काढले, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या सेव्ह मी ट्रस्टमार्फत लढला. शेतकरी त्याच्यावर भडकले होते. इथे मात्र मला तो आवडतो, कारण नुसता ओरडून थांबला नाही. शेतकऱ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला, तपासण्या कुठे कमी पडतात ते समजून घेत राहिला. २०२४ मध्ये त्यावर बीबीसीने माहितीपट दाखवला. पटो न पटो, माणूस गृहपाठ करून बोलतो.

मंजिरी

आणि तब्येतीचं? २०२० मध्ये हृदयाचा झटका, तीन स्टेंट. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस सौम्य पक्षाघात, डावा हात काही काळ ऐकेना. गिटारवाल्याचा डावा हात! सप्टेंबरमध्ये स्वतःच व्हिडिओत सांगितलं आणि वर हेही की गिटार वाजवता येते आहे. तेव्हा कुठे जीवात जीव आला. २०२३ मध्ये ‘सर’ झाला तेव्हासुद्धा एवढं हायसं वाटलं नव्हतं.

नवखा_कान

सगळे प्रतिसाद वाचले. मी क्वीनची चार-पाच गाजलेली गाणीच ऐकली आहेत. ब्रायनसाठी ऐकायचं तर सुरुवात कुठून करू? आणि ‘ब्रायटन रॉक’चा सोलो लोक डोक्यावर घेतात, मला तो लांबण लावलेला वाटला. माझं काही चुकतंय का?

तारसप्तक

आधी ‘’३९’ ऐका, मग ‘गुड कंपनी’, मग ‘किलर क्वीन’. शेवटच्यात सोलोच्या वेळी गिटारचे आवाज एकामागून एक घंटेसारखे येतात आणि एकमेकांवर चढतात, तेवढी जागा दोन-तीनदा ऐका. नंतर १९८५ ची लाइव्ह एड ही मदतनिधीची मैफल, त्यातला क्वीनचा भाग. वीसेक मिनिटं आहेत, सगळे फ्रेडीकडे बघतात, तुम्ही एकदा फक्त गिटारकडे कान द्या.

‘ब्रायटन रॉक’ स्टुडिओतला नको, मैफिलीतला ऐका. त्यात तो एक ओळ वाजवतो, ती विलंबाने एका बाजूने परत येते, तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूने. तो आपल्याच आधीच्या सुरांवर नवे सूर बसवत तीन गिटारींची बंदिश एकटा उभी करतो. आधी काय वाजवलं ते लक्षात ठेवून पुढचं वाजवायचं, थांबायची सोय नाही.

विसंवादी

तरी लांबतोच. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

रेडिओवाला

नवखा_कान, हेडफोन लावूनच ऐका. एका स्पीकरवर ऐकलंत तर तिन्ही गिटारी एकत्र कालवल्या जातात आणि मग विसंवादी म्हणतात तसंच वाटतं.

विसंवादी

हेडफोन लावूनच ऐकलाय हो! :)